मदत कसली, मी आहे ना

माझ्या वहिनीला कुणी विचारलं की दिवसभर घरी काय करतेस, तर ती म्हणते, "काही नाही." ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं वाटतं. पुढचा सगळा घोळ या "काही नाही"मुळे झाला, असं मी म्हणते. वहिनी म्हणते, घोळ नियमाने केला. दादा म्हणतो, घोळ झालाच नाही. तिघांत कोण बरोबर ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यात होता, मोठ्या गाड्या चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी अशी एक गाडी उलटली. त्यातून तो वाचला, पण डोक्याला मार बसला. उजव्या हाताची बोटं जवळ येतात, पण चिमूट होत नाही. विसरतो. भांडं पडलं की दचकतो, आणि दचकला की थोडा वेळ तो आपल्यात नसतो. वर्षातून दोन-तीनदा फिटचा झटका येतो, तोही नेमका बाथरूममध्ये. बाकी बघाल तर उंच, ताठ, भांग नीट पाडलेला. नवीन माणसाला वाटतं, याला काय झालंय?

वहिनी तेव्हा शर्टांच्या कारखान्यात होती. कॉलर लावायची. शर्टात कॉलर सगळ्यात अवघड. दोन्ही टोकं सारखी यावी लागतात, नाहीतर माणूस वाकडा दिसतो. तिच्या हातची कॉलर कधी परत आली नाही, असं तिची मुकादमीण अजून सांगते. दादाला घरी आणला त्या महिन्यात तिने ते काम सोडलं. सैन्यातून जायबंदी होऊन आलेल्याची घरी राहून जी काळजी घेते, तिला सरकार दर महिन्याला भत्ता देतं. कागदावर तिचं नाव "काळजीवाहू". दादाला हा शब्द फार आवडला. "मी मालवाहू चालवायचो," तो म्हणाला, "आणि ही काळजीवाहू. गाडी एकच, माल बदलला."

त्या भत्त्यावर दोघांचं नीट चाललं होतं. वहिनीला घराबाहेर जावं लागत नव्हतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

आता ती घरात काय करते ते सांगते, कारण ती स्वतः सांगणार नाही. सकाळी ब्रशवर पेस्ट लावून ब्रश बेसिनच्या डाव्या बाजूला ठेवते. डाव्याच, कारण उजवीकडे ठेवला तर दादा उजव्या हाताने उचलायला जातो, तो पडतो, आणि मग दिवस गेला. चहा कपात अर्धाच ओतते, मग दुसऱ्यांदा अर्धा. गॅस खालून बंद करूनच स्वयंपाकघरातून बाहेर पडते. दादा अंघोळीला गेला की दाराबाहेर पाटावर बसून भाजी निवडते आणि दर दोन मिनिटांनी विचारते, "अहो, आहात का?" आतून आवाज येतो, "हजर!" आला नाही, तर ती आत जाते. त्या दाराची कडी तिने कधीच काढून टाकली आहे.

आणि शर्ट. बटणं लावणं दादाच्या हाताला जमत नाही. वहिनीने आधी ती ओढली की चर्र करणारी पट्टी लावून बघितली, पण त्या आवाजाला दादा दचकायचा. मग तिने टिचबटणं लावली. डाव्या अंगठ्याने दाबली की बसतात. वरून मात्र जुनी बटणं तशीच ठेवली, नुसती दिसायला शिवून, काजांवर. बघणाऱ्याला वाटावं, माणसाने शर्ट घातला, बटणं लावली. नऊ वर्षांत शेजाऱ्यांनाही कळलं नाही. दादाला कळलंय की नाही, हे मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी योजनेचे नियम बदलले. आम्हाला ते कसं कळलं, तर एक साहेब घरी आले. सभ्य माणूस, चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतलं. म्हणाले, जुन्या यादीतल्या सगळ्यांची फेरतपासणी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, चारच प्रश्न. मी त्या दिवशी तिथेच होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, म्हणून सरकारी कागद आला की वहिनी मला बोलावते. "मास्तरीणबाई, या, तुमच्या भाषेत पत्र आलंय."

दादा खुर्चीत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, छाती पुढे.

साहेबांनी विचारलं, "यांना अंघोळीला मदत लागते का?"

"छे हो," वहिनी म्हणाली, "मदत कसली, मी आहे ना."

साहेबांनी लिहिलं.

"जेवताना?"

"स्वतः जेवतात. मी फक्त समोर असते."

"कपडे?"

"अहो, दाखवा बरं," वहिनी म्हणाली. दादाने खुंटीवरचा दुसरा शर्ट घेतला, अंगातला काढून तो घातला आणि डाव्या अंगठ्याने टक टक टक करत वरून खाली गेला. साहेब म्हणाले, "वा." वहिनीच्या चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं, परीक्षेत पोरगं पहिलं आलं.

"मदत प्रत्येक वेळी लागते, की कधी कधी?"

वहिनी विचारात पडली. ती खोटं बोलत नाही म्हटलं ना. "आता प्रत्येक वेळी कसं म्हणू? देवाच्या दयेने चांगले दिवसही असतात."

आणि मी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती म्हणाले, "माझा भाऊ लहानपणापासून कधी कुणावर अवलंबून राहिला नाही."

साहेबांनी तेही लिहिलं असावं. साहेब निघाले तेव्हा दादाने उभं राहून त्यांना कडक सलाम केला, डाव्या हाताने.

दीड महिन्याने पत्र आलं. मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "सदर माजी सैनिक दैनंदिन बाबतीत स्वावलंबी असल्याचे आढळून आल्याने, सुधारित निकषांनुसार आपण काळजीवाहू म्हणून अपात्र ठरत आहात." भत्ता पुढच्या तिमाहीपासून बंद. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.

वहिनीने विचारलं, "म्हणजे काय झालं?"

मला काय झालं ते कळलं होतं, पण कसं झालं ते कळेना. स्वावलंबन या विषयावर मी वर्षानुवर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतला. त्यात स्वावलंबन ही चांगली गोष्ट होती. इथे त्याचीच शिक्षा होती का? आणि शिक्षा असेल तर कुणाला? दादाला म्हणावी, तर तो उभा राहून माझ्या हातातून पत्र घेत होता.

"स्वावलंबी," तो म्हणाला. "सरकारने लिहून दिलंय. बघ, शिक्का आहे."

"अहो, पण मी अपात्र झाले," वहिनी म्हणाली.

"पात्र म्हणजे भांडं. झालीस अपात्र, सुटलीस. आता भांडी मी घासणार."

आम्ही हसलो. हसण्यासारखं होतंच. मग त्याने कपाटातली पदकांची पेटी काढली, पत्राची घडी केली, पदकांखाली ठेवली आणि झाकण लावलं. नऊ वर्षांत मी त्याला इतका खूश बघितला नव्हता. वहिनी माझ्याकडे बघत होती, मी वहिनीकडे. देवा, याला आता काय म्हणायचं, आनंद की संकट, असं मी मनातल्या मनात विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून दादाने हजेरी द्यायचं बंद केलं.

"अहो, आहात का?"

आत पाण्याचा आवाज.

"अहो!"

"स्वावलंबी माणसाची हजेरी कशाला?"

वहिनी म्हणाली, "निदान खोकत तरी राहा." तो खोकला नाही. ती दार ढकलून आत गेली, तर हा साबण लावत उभा. रागावला. असं तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत वहिनीची एक भाजी धड निवडून झाली नाही. मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात.

मुकादमीण घरी आली. जागा आहे, म्हणाली, कॉलरवरचीच, पण महिनाअखेरपर्यंत सांग, मी जास्त थांबवू शकत नाही. भत्ता गेला तर वहिनीला जावंच लागणार होतं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आणि मी? माझे गुडघे जिने चढू देत नाहीत, आठवड्यातून दोनदा येते तेच देवाचं नाव घेत. मग घरात दहा तास दादा, गॅस, बाथरूम आणि ते पत्र.

"तू जा कामाला," दादा म्हणाला. "मी बघतो घराचं. पाव मी आणतो आजपासून."

वहिनीने त्याला जाऊ दिलं. मी तिला नंतर विचारलं, का जाऊ दिलंस? ती म्हणाली, "मला वाटलं, सरकार म्हणतंय तर असेलही. मीच नऊ वर्षं चुकत असले तर?"

पावाचं दुकान गल्लीच्या टोकाला आहे. अर्ध्या तासाने वहिनी शोधायला निघाली. पाववाला म्हणाला, कधीच घेऊन गेले. पुढच्या कोपऱ्यावर एक चावीवाला बसतो, लाकडी पेटी आणि दोन स्टुलं. दुसऱ्या स्टुलावर दादा बसला होता, मांडीवर पाव.

"ताई, साहेब कधीचे बसलेत," चावीवाला हळू म्हणाला. "म्हणतात, गाडी येतेय न्यायला. मी म्हटलं, बसा, येईल."

"आली गाडी," वहिनी म्हणाली. "चला."

दादा पाव घेऊन उठला. घरी आल्यावर म्हणाला, "रस्ता बदललाय त्यांनी." कुणी बदललाय, ते तिने विचारलं नाही.

हरकत नोंदवायला आम्ही दोघी कार्यालयात गेलो. दादाला चावीवाल्याकडे बसवलं. चावीवालाच म्हणाला, बसवून जा. कार्यालयात लांब बाक होते आणि काचेमागे सात खिडक्या. चौथ्या खिडकीने सांगितलं सातवीवर जा. सातवीवर पाटी होती, "चौकशी चौथ्या खिडकीवर करावी." शेवटी पाचव्या खिडकीतल्या बाईंना आमची दया आली. त्यांच्या गळ्यात दोन चष्मे होते, एक आमच्यासाठी आणि एक कागदासाठी.

"तुम्ही जुन्यातल्या की नव्यातल्या?" त्यांनी विचारलं.

"कशातल्या?" वहिनी.

"जुन्या नियमात बसता, की नव्या?"

"नऊ वर्षं बसलोय. आता उठवलंय."

बाईंना हसू आलं. त्यांनी समजावलं. जुन्या नियमात "मदत लागते" एवढं पुरे होतं. नव्यात "प्रत्येक वेळी मदत लागते" असं हवं. पण मधे एक परिपत्रक आलं, त्यात "बहुतेक वेळा" होतं. ते परिपत्रक रद्द झालं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. देखरेख मदतीत धरायची की नाही, ते वर विचारलं आहे.

"वर म्हणजे?" मी विचारलं.

"वरच्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले."

मग त्यांनी वहिनीची फाइल उघडली आणि पहिला चष्मा काढून दुसरा लावला. "इथे तुमचंच उत्तर आहे. अंघोळीला मदत लागत नाही."

"नाहीच लागत. मी असते ना बाहेर."

"बाहेर बसून काय करता?"

"काही नाही. हाक मारते."

"आणि ओ आली नाही तर?"

"आत जाते."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, मग तीच मदत."

"ती मदत होय?" वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं, जणू मी शाळेत तिला हा शब्द चुकीचा शिकवला होता. "मदत म्हणजे बाहेरच्या माणसाला करतात ती. नवऱ्याला कुणी मदत करतं का?"

मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत. "सुनावणी होईल, तिथे हेच सांगा. पण उलटं सांगा," त्या म्हणाल्या. "आणि हरकतीला मूळ पत्र जोडावं लागेल. झेरॉक्स चालणार नाही."

मूळ पत्र पेटीत, पदकांखाली.

चार दिवस वहिनी त्या कपाटापुढून जायची आणि यायची. मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तू काढ. तू बहीण आहेस." मी म्हटलं, "मी नाही काढणार, तू बायको आहेस." चोरून काढलं तरी सुनावणीत तो समोर बसणारच होता. त्याच्या देखत सांगायचं, हा अंघोळ एकटा करू शकत नाही, रस्ता ओळखत नाही, याच्या शर्टाची बटणं खोटी आहेत. नाही सांगितलं तर कारखाना. मी रोज संध्याकाळी देवापुढे बसायचे आणि काय मागायचं तेच सुचत नसे. भत्ता मिळू दे म्हणजे दादा लाचार ठरू दे, असंच ते मागणं झालं असतं. मी नुसतं "तू बघ" म्हणून उठायचे.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनीने त्याला सरळ सांगितलं. चहाचा दुसरा अर्धा कप ओतताना, मी समोर बसलेली असताना.

"अहो, ते पत्र लागणार आहे. परत करायचंय."

"का?"

"त्यात चूक आहे."

दादाने चहा संपवला. मग म्हणाला, "शिक्का खरा आहे ना?"

"शिक्का खरा आहे."

"मग चूक कुठाय?"

वहिनीने रिकामा कप उचलला, परत ठेवला. शेवटी म्हणाली, "माझी चूक आहे. मी उत्तर चुकीचं दिलं."

तो उठला, पेटी काढली, पत्र काढून तिच्या हातात दिलं. पदकं परत लावताना त्याला दोन हात लागत होते. तिने हात पुढे केला नाही, करावासा वाटत असूनही. मीही बघत बसले. पेटी बंद व्हायला खूप वेळ लागला.

सुनावणीला टेबलामागे पाच जण होते. मधल्या साहेबांनी वहिनीला विचारलं, "तुम्ही दिवसभर यांच्यासाठी नेमकं काय करता?"

खिडकीतल्या बाईंनी पढवलं होतं, मीही कागदावर लिहून दिलं होतं. वहिनीने तोंड उघडलं, दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "काही नाही."

मी डोळे मिटले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा उभा राहिला होता. त्याने शर्टाची खालची कड डाव्या हातात धरली आणि एका झटक्यात ओढली. टक टक टक टक. शर्ट उघडला, आणि वरची बटणं काजांवर होती तशीच.

"हे बघा," तो म्हणाला. "बटणं नुसती दिसायला आहेत. हिने शिवली. सगळ्या शर्टांना. नऊ शर्ट आहेत."

शेवटच्या खुर्चीवर एक नर्सबाई होत्या, त्या वाकून टाके बघत होत्या.

"आणि ती बाहेर बसते," दादा म्हणाला.

"प्रत्येक वेळी?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"प्रत्येक वेळी," दादा म्हणाला. मग खाली बसला आणि टिचबटणं दाबू लागला. घाईत एक चुकलं, कॉलर एका बाजूने वर गेली. वहिनीने उठून सगळ्यांच्या देखत ती सरळ केली.

मला वाटलं, झालं, आता निकाल आपला. रिक्षातही मी तेच म्हणाले. वहिनी रस्त्याकडे बघत होती. तिने दादाला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"बटणांचं."

"अगं, शर्ट मी घालतो," दादा म्हणाला.

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी पत्र आलं. मी दोनदा मनात वाचलं आणि मग मोठ्याने. त्यात सुनावणीचा निकाल नव्हता. हरकत मान्य नाही, अमान्यही नाही. "सुधारित निकषांबाबत निर्णय प्रलंबित असल्याने, जुन्या यादीतील सर्व लाभार्थ्यांची फेरतपासणी पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे. तोपर्यंत भत्ता पूर्वीप्रमाणे सुरू राहील."

सर्वांचीच. जे सुनावणीला गेले त्यांची, आणि जे गेलेच नाहीत त्यांचीही. म्हणजे दादाने पाच माणसांपुढे शर्ट उघडला तो कशासाठी? नसता उघडला तरी हेच पत्र आलं असतं. हे मी दोघांना बोलून दाखवलं नाही. पण दादाला कळलं असावं, कारण त्याने विचारलं, "ते आधीचं पत्र परत देणार आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "फाइलला लागलं ते."

वहिनीने मुकादमीणबाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या विचारत होत्या, किती दिवसांसाठी? वहिनी म्हणाली, "पुढील आदेशापर्यंत." आणि फोन ठेवून ब्रशवर पेस्ट लावायला गेली, कारण दादाची अंघोळीची वेळ झाली होती.

दादा टॉवेल खांद्यावर टाकून बेसिनपाशी उभा होता. त्याने विचारलं, "म्हणजे मी बरा झालो की नाही?"

"ते सध्या स्थगित आहे," वहिनी म्हणाली आणि ब्रश डाव्या बाजूला ठेवला.

तो आत गेला. दार लोटलं. वहिनी पाटावर बसली, समोर मेथीची जुडी. मी घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं झाली.

"अहो, आहात का?"

पाण्याचा आवाज थांबला. वहिनीच्या हातातली काडी तशीच राहिली. मी देवाचं नाव घेतलं, अर्धंच झालं.

"हजर," आतून आवाज आला.